मोटारघरांतील बॅटरी



मोटारींतच बिछाना, चूल, पाण्याची टांकी आणि लहानसा फ्रीज बसवून गांवोगांव हिंडणारीं कुटुंबें आतां आपल्याकडेही दिसूं लागलीं आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा प्रवासासाठीं स्वतंत्र धोरणही जाहीर केलें. अशा वाहनाला कोणी कॅरव्हॅन म्हणतात, कोणी मोटरहोम म्हणतात. आमच्या कुटुंबांत मात्र 'मोटारघर' हेंच नांव रूढ झालें आहे. शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर मीं सतरा आसनांची एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि तिचें असें घर करविलें. त्या घरानें मला जे धडे दिले, त्यांपैकीं सर्वांत महाग पडलेला धडा बॅटरीचा. तोच आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

मे महिना होता. गुहागर तालुक्यांत वेळणेश्वरच्या किनाऱ्याजवळ आम्हीं मुक्काम केला होता. बरोबर माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई होती. तिला मधुमेह आहे, आणि तिच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंश उष्णतामानांत ठेवाव्या लागतात. पहाटे तीनच्या सुमारास फ्रीजची घरघर एकाएकीं थांबली आणि त्या शांततेनेंच मला जाग आली. पंखाही थांबला होता. दिवा लावला, तों तो मिणमिणून विझला. बॅटरी संपली होती. ती घेऊन आठच महिने झाले होते. आणि तिच्या आधींची चौदा महिन्यांत गेली होती.

उजाडल्यावर मी बर्फ आणावयास निघालों. आईनें मला थांबविलें. ती म्हणाली, "अरे, बर्फाला लागून गोठलं तरी तें औषध वायां जातं, असं डॉक्टरांनीं सांगितलंय ना? आपला माठ रिकामा कर, डबा त्यांत ठेव आणि बाहेरून ओलं फडकं गुंडाळ." कोंकणच्या दमट हवेंत माठ देशावरच्याइतका गार होत नाहीं; तरी सावलींत ठेवलेल्या त्या माठानें चिपळूण गांठेपर्यंत आमचें काम भागविलें.

चिपळुणांत बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे आम्ही गेलों. मीं पैसे काढून तिसरी बॅटरी मागितली. त्यांनीं ती दिली नाहीं. ते म्हणाले, "गुरुजी, तिसरीही देतों, पण तीही मरेल. आधीं दोन कशानं मेल्या तें तर पाहूं."

त्यांनीं बॅटरीचीं सहाही टोपणें उघडलीं आणि प्रत्येक कप्प्यांतील अम्ल हायड्रोमीटरनें ओढून पाहिलें. भरलेल्या बॅटरींत या अम्लाची घनता पाण्याच्या सुमारें सव्वापट असते. आमच्या बॅटरींत सहाही कप्प्यांत ती १.१२ च्या आसपासच होती. मिस्त्री म्हणाले, "एकच कप्पा खालीं असता तर बॅटरीचा दोष म्हटला असता. इथं सगळे सारखेच खालीं आहेत. ही बॅटरी उपाशी ठेवून मारलेली आहे."

त्यांचें तें वाक्य मी विसरलों नाहीं. पहिली बॅटरी गेली तेव्हां मी दुकानदाराशीं कडाक्यानें भांडलों होतों. तें भांडण अनाठायीं होतें, हें मला त्या दिवशीं उमगलें.

'उपाशी' याचा अर्थ काय, तो आतां पाहूं. मोटारघरांत बॅटऱ्या दोन असतात आणि दोघींचे स्वभाव अगदीं भिन्न असतात. पहिली इंजिन सुरू करण्यासाठीं. तिच्यांत पातळ पत्रे पुष्कळ असतात. ती कांहीं सेकंदच, परंतु शेंकडों अँपिअर प्रवाह देते, आणि इंजिन चालूं लागतांच पुन्हां भरली जाते. दुसरी घरासाठीं. तिचे पत्रे जाड असतात, आणि ती दोन-चार अँपिअर प्रवाह तासन् तास पुरविते. घरोघरीं इन्व्हर्टरला जोडलेली उंच बॅटरी या दुसऱ्या वर्गांतली. पहिलीला दुसरीच्या कामास जुंपलें तर ती थोडक्याच महिन्यांत निकामी होते.

शिशाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनीं १८५९ सालीं प्रथम तयार केली. तेव्हांपासून तिच्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु मूळ घडण तीच आहे. शिसें आणि शिशाचें ऑक्साइड यांचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडविलेले असतात. आपण वीज वापरतों तेव्हां दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचा थर चढतो आणि अम्ल पातळ होतें. बॅटरी भरतांना हीच क्रिया उलट होते. थर विरतो आणि अम्ल पुन्हां घट्ट होतें. परंतु हा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर त्याचे टणक स्फटिक बनतात आणि मग ते विरत नाहींत. पत्र्याचा तेवढा भाग कायमचा वायां जातो. रोज अर्धपोटीं राहणारी बॅटरी अशी हळूहळू मरते.

आमची बॅटरी अर्धपोटीं कां राहत होती, याचा हिशेब मिस्त्रींनीं माझ्याकडूनच कागदावर मांडवून घेतला. फ्रीज चालूं असतांना पावणेचार अँपिअर घेतो आणि दिवसांतील निम्मा वेळ चालतो. म्हणजे सुमारें ४५ अँपिअर-तास. पंखा दोन अँपिअरचा, आठ तास, १६ झाले. दिव्यांचे ४, फोन भरण्याचे ५. एकूण खर्च ७०. बॅटरी १०० अँपिअर-तासांची. पण शिशाची बॅटरी दीर्घकाळ टिकवावयाची तर तिच्यांतील निम्मीच वीज काढावी. म्हणजे हातीं ५०. छपरावरील १०० वॅटचें सौर तावदान स्वच्छ उन्हांत दिवसाला २५ ते ३० भरून देई. बाकीची तूट गाडी चालतांना इंजिनाकडून भरून निघते, अशी माझी समजूत होती.

मिस्त्रींनीं इंजिन सुरू करावयास सांगितलें आणि मीटर लावला. पुढच्या बॅटरीवर १४.३ व्होल्ट दाब होता. मागच्या बॅटरीवर अवघा १३.२. शिशाची बॅटरी पूर्ण भरावयास सुमारें १४.४ व्होल्ट लागतात. मधला एक व्होल्ट गेला कोठें? गाडीचें घर करणाऱ्या कारागिरानें पुढून मागें चार चौरस मिलिमीटरची बारीक तार नेली होती. जातांना सहा मीटर आणि येतांना सहा मीटर; वीस अँपिअर प्रवाह वाहतांना एवढ्या तारेंतच एक व्होल्ट खर्ची पडतो. तीच तार चौपट जाड असती तर पाव व्होल्टच गेला असता. दोन बॅटऱ्या मेल्या त्या या तारेपायीं. आणि मीं तार न बदलतां बॅटरीच बदलली होती.

म्हणून माझें पहिलें सांगणें हें कीं, बॅटरी गेली तर आधीं तिच्या मरणाचें कारण शोधा. तें सांपडल्यावांचून नवी घेऊं नका.

आतां नित्याच्या निगेविषयीं. महिन्यांतून एकदां, बॅटरीला कांहीं तास पूर्ण विश्रांति देऊन, तिचा दाब मोजावा. १२.७ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रितीच. टोपणांची बॅटरी असेल तर पत्रे अम्लांत बुडलेले आहेत ना, तें पाहावें. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावें, आणि तेंही बॅटरी भरून झाल्यावर; कारण भरतांना अम्लाची पातळी वर येते. अम्ल कधींही घालूं नये. टोंकांवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें ती धुवावी, कोरडें करावें आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चार झालें कीं ठिणगी पुरते. म्हणून त्या कप्प्याला बाहेरची हवा हवी आणि तेथें काडी ओढूं नये. उष्णतेचेंही भान ठेवावें. उष्णतामान दहा अंशांनीं वाढलें कीं शिशाच्या बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें. इंजिनाच्या शेजारची जागा सोयीची दिसली तरी बॅटरीला ती मानवत नाहीं. पावसाळ्यांत गाडी उभीच राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून तिची ऋण तार काढून ठेवावी आणि महिन्याला एकदां पुन्हां भरावी.

इतकें करूनही एक दिवस बॅटरी बदलण्याची वेळ येतेच. तेव्हां कोणती घ्यावी? टोपणांची बॅटरी स्वस्त असते, पण घाटांतील हिसक्यांनीं तिचें अम्ल सांडतें. बंद जातीची, म्हणजे जिच्यांत अम्ल कांचतंतूंच्या गादींत शोषलेलें असतें अशी बॅटरी महाग पडते. तिला पाणी घालावें लागत नाहीं. तिसरी जात लिथियम लोह फॉस्फेटची. १९९७ सालीं टेक्सस विद्यापीठांत गुडइनफ यांनीं पाढी आणि नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह या पदार्थावरील संशोधन प्रसिद्ध केलें. गुडइनफ यांना पुढें २०१९ चें नोबेल पारितोषिक लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल मिळालें. ही बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही हलकी असते, तिच्यांतील ऐंशी टक्के वीज निःशंक काढतां येते आणि ती हजारों वेळां भरतां येते. परंतु तिचेही नियम आहेत. शून्य अंशाखालील थंडींत ती भरूं नये. लडाख-स्पितीकडे जाणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. शिवाय ती इतक्या हावरेपणानें प्रवाह ओढते कीं इंजिनावरचें वीजयंत्र तापून जळूं शकतें. म्हणून दोहोंच्या मधें प्रवाह आवरणारा, दाब योग्य तेवढा करून देणारा डीसी चार्जर बसवावा लागतो. जुना चार्जर तसाच ठेवून नुसती बॅटरी बदलणें म्हणजे माझीच चूक पुन्हां करणें होय.

बदलण्याची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवूं नये. सर्व दिवे-पंखे बंद करावे. सौर तावदानाची तार आधीं सोडवावी. तारांचें छायाचित्र घेऊन ठेवावें. हातांतील आंगठी आणि घड्याळ काढावें; पाना आणि आंगठी यांमधून प्रवाह गेला तर बोट भाजून निघतें. काढतांना ऋण टोंक आधीं आणि धन टोंक नंतर; बसवितांना धन टोंक आधीं आणि ऋण टोंक शेवटीं. धन तारेवर बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज असावा. बॅटरी पट्ट्यानें घट्ट बांधावी. दोन बॅटऱ्या जोडावयाच्या असतील तर त्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्याव्या. जुनी आणि नवी एकत्र जोडली तर जुनी नवीलाही आपल्याबरोबर खालीं ओढते.

आणि जुन्या बॅटरीचें काय? ती नव्या बॅटरीच्या विक्रेत्यालाच परत करावी. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर योग्य प्रक्रिया होईल हें पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदारही बहुधा जुनीचे कांहीं पैसे वजा करतो. चार पैसे अधिक मिळतात म्हणून ती उघड्यावर फोडणाराला विकूं नये. तेथें अम्ल जमिनींत मुरतें, शिशाचा धूर आणि धूळ वस्तींत पसरते, आणि त्या विषाची झळ सर्वांत अधिक लहान मुलांना लागते.

आम्हीं शेवटीं जाड तार घातली, डीसी चार्जर बसविला आणि १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेतली. सत्तरच्या खर्चाला ऐंशीची जमा झाली. त्याला आतां तीन वर्षें होऊन गेलीं. फ्रीज रात्रीं घरघरत असतो आणि त्या आवाजानें मला चांगली झोंप लागते. आईचा मात्र अजून पुरता विश्वास बसलेला नाहीं. प्रत्येक प्रवासाला निघतांना ती विचारते, "माठ घेतलास ना?" मीं तो घेतलेला असतो.

आपल्यापैकीं ज्यांच्याजवळ असें मोटारघर असेल, किंवा घरीं इन्व्हर्टरची बॅटरी असेल, त्यांनीं येत्या रविवारीं एक कागद घेऊन जमा आणि खर्च मांडून पाहावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.