इगतपुरी : घाटमाथ्यावरचे रेल्वेगाव



इतिहास-भूगोल हे पाठांतराचे विषय आहेत, असा समज आपल्या घरांतून आढळतो. शिक्षक या नात्याने त्याला उत्तर म्हणून एका लहान गावाची हकीकत सांगतो.

मुंबईहून नाशिककडे जाताना इगतपुरी स्टेशन आपण पाहिले असेल. गाडी थांबते, आपण चहा-वडा घेतो. पण गाडी नेमकी येथेच का थांबते, हे आपण कधी स्वतःला विचारले काय?

उत्तर भूगोलात आहे. कसारा सह्याद्रीच्या पायथ्याशी, तर इगतपुरी माथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. मधल्या थळ घाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. रुळांवर हा चढ फार अवघड. म्हणून कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडतात व इगतपुरीला ती सोडवतात.

आता इतिहास पाहा. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली. हजारो मजुरांनी कातळ फोडला, तेव्हा १८६५ साली रूळ इगतपुरीस पोहोचले. १९३० साली घाटात वीज आली. मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या इंजिनाला लोक ‘खेकडा’ म्हणत. पुढे इगतपुरीच्या अलीकडे एका जातीची वीज व पलीकडे दुसऱ्या जातीची, असे झाले. म्हणून इंजिन बदलणे भागच होते. त्या बदलावर गावातील कितीतरी चुली पेटत.

पण यंत्र बदलले. २०१५ पर्यंत मुंबईपर्यंतच्या मुख्य मार्गावर एकाच जातीची वीज आली आणि विजेसाठी इंजिन बदलण्याची गरज संपली. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत तर जादा इंजिनाशिवायच घाट चढते. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग सुमारे ८ किलोमीटरच्या जोडबोगद्यांतून डोंगर पार करतो.

पाण्याचेही तसेच. येथे धो धो पाऊस पडतो. घाटाच्या पश्चिमेचे पाणी अरबी समुद्राला जाते. पूर्वेचे दारणेतून गोदावरीला व बंगालच्या उपसागराला मिळते. तरी उन्हाळ्यात तालुक्यातील वाड्या-पाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे असतातच. गावावरून जे जाते, ते गावात थांबतेच असे नाही.

पालकहो, “बाप रेल्वेत, मुलगाही लागेल” हा हिशेब आता पुरा पडत नाही. कालचे कसब आजच्या यंत्राला लागेलच असे नाही; शिकण्याची सवय मात्र प्रत्येक यंत्राला लागते. मुलाला, आणि मुलीलाही, ती सवय द्या.

विद्यार्थी मित्रांनो, आपले गाव येथेच का वसले, पाणी कोठून येते, कोणाचे काम गेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व वहीत लिहा. तोच तुमचा इतिहास आणि तोच भूगोल.