खाडीकाठची गावे आणि आपल्या मुली
(पालक मेळाव्यातील भाषण)



रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि स्वतःलाच विचारा, आपली गावे नेमकी तिथेच का वसली? चिपळूण पाहा. वाशिष्ठीच्या खाडीतून गलबते भरतीच्या पाण्यावर गोवळकोटपर्यंत येत; तेथून माल बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढे. जगबुडीवरचे खेड, अर्जुनेवरचे राजापूर, यांची हकीकत थोडीफार अशीच. गलबतातला माल उतरून जिथे बैलावर चढे, तिथे पेठ झाली आणि पेठेच्या अंगाने मोहल्ले व वाड्या वसल्या. दाभोळ तर बहामनी काळातले नामांकित बंदर. १५०८ साली पोर्तुगीजांनी ते जाळले.

पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, मोटाररस्ते झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. व्यापार बंदर सोडून रस्त्याला लागला. पाण्याने मात्र आपली जुनी वाट सोडलेली नाही, हे चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ रोजी पाहिले.

आणि माणसे? २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुली जास्त जन्मतात असा याचा अर्थ नव्हे. कर्ते पुरुष मुंबईला आणि आखातात! आधी जहाजावर खलाशी, मग कुवेत, दुबई. त्या कमाईला मी नावे ठेवणार नाही. आपल्या कितीतरी शाळांच्या भिंती तिच्यावरच उभ्या आहेत. पण गावात राहिलेल्या मुलींचे काय? गावची शाळा सातवीला संपते, हायस्कूल दूर पेठेत. मुलगी घरी का बसली असे विचारले की उत्तर मिळते, "सर, जमाना खराब आहे." मला वाटते, जमान्यापेक्षा एस.टी.ची वेळ अधिक खराब आहे. शाळा पाचला सुटते आणि वाडीकडची शेवटची गाडी साडेचारलाच गेलेली असते. खेड्यातील मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे, परंतु गाडीच नसेल तर तो पास घेऊन करायचे काय?

तेव्हा पालकहो, प्रत्येक मोहल्ल्याने शेजारच्या वाड्यांना, मग ती वाडी कुणब्यांची असो वा बौद्धांची, बरोबर घेऊन हायस्कूलला जाणाऱ्या व जाऊ शकणाऱ्या मुलींची यादी करावी. नाव, इयत्ता, थांबा, शाळा सुटण्याची वेळ, सारे त्यात यावे. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून अर्ज आगारात द्यावा आणि पोच घ्यावी. हे मे महिन्यातच करा. शाळा सुरू झाल्यावर धावाधाव नको. विद्यार्थी मित्रांनो, अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून देण्याचे काम तुमचे.