कलम आणि जात



'खाण तशी माती' ही म्हण तुम्ही शाळेत ऐकली असेल. नोकरीच्या मुलाखतीतही ऐकली असेल, जरा सभ्य शब्दांत. गुण रक्तातच असतात म्हणे. वरच्याच्या पोटी वरचा, खालच्याच्या पोटी खालचा. मी मालवण तालुक्यातला. आमच्याकडे हा सिद्धांत झाडाखाली उभं राहून तपासता येतो.

हापूसची कोय पेरा. हापूस येत नाही! येईल ते दुसरंच काहीतरी. आंबट, धागेवालं, क्वचित झकासही. कोयीत गर्भ एकच, त्यात अर्धा वाटा बापाचा, आणि माशीनं पराग कुठल्या झाडाचा आणला त्याचा पत्ता नाही. आईच्या अंगातही न दिसणारे गुण दडलेले असतात. मेंडेलनं १८६६ साली वाटाण्यावरचे प्रयोग छापले, त्यात हेच होतं. दडलेला गुण पुढच्या पिढीत चारात एक या हिशेबानं डोकं वर काढतो.

मग देवगड-मालवणात एवढा हापूस आला कुठून? कलमातून. पावसाळ्यात रायवळ आंब्याच्या कोयी रुजवायच्या. कोंब पंधरवड्याचा, पानं तांबूस कोवळी, तेव्हाच शेंडा छाटायचा. खुंटाला उभी चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. हे कोय कलम. म्हणजे ज्याला तुम्ही जातिवंत म्हणता, त्याची मुळं रायवळाची. पाणी ती ओढतात, कातळात ती घुसतात. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते हापूसला. रायवळाला कोण विचारतो? माझ्या बापानं जन्मभर अशी कलमं बांधली. सातबारा दुसऱ्याचा.

आणि या शुद्धपणाची किंमत बघा. पहिला हापूस कधीतरी असाच एका कोयीतून आपसूक उगवला. पुढची सगळी कलमं म्हणजे त्याच एका झाडाचं अंग. त्याचं दुखणं तेच सगळ्यांचं. बाहेरून सोनं, आत पांढरा साका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं दक्षिणेतल्या नीलमशी संकर केला, १९८१ साली 'रत्ना' आला, त्यात साका नाही. भेसळीनं बरा झाला, राव!

रक्ताबाहेरचंही थोडं सांगतो. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवीण वाळूत अंडी घालून समुद्रात निघून जाते. पिल्लू नर की मादी, हे आईबापावर नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. जास्त ऊब, जास्त माद्या. बीज तेच, जागा वेगळी.

जातीमुळे वंश शुद्ध राहतो, हे विज्ञानच आहे, असं म्हणणारे पूर्वीही होते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांच्यासमोर मेंडेलचाच इंग्रज पुरस्कर्ता बेटसन उभा केला: बुद्धीसारखे गुण कुठल्या एका सरळ नियमानं पिढीतून पिढीत उतरतात, याला आधार नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते भाषण पेललं नाही. त्यांनी परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते स्वतः छापून काढलं.