ओल धरणारं रान



मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, ‘महिनाभर सक्त आराम.’ तीस वर्षं रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारा मी. आराम ही मला शिक्षाच वाटली. कोणी भेटायला आलं की मी उठून बसायचो, हसून म्हणायचो, ‘काही नाही हो, बारीकसं होतं. आता ठणठणीत!’ माणसं गेली की घामाघूम होऊन आडवा व्हायचो. एके दिवशी पत्नी म्हणाली, ‘ठणठणीत दिसण्यातच तुमचा सगळा जोर चाललाय. बरं व्हायला उरतो किती?’

या प्रश्नाचं उत्तर मला एका पुस्तकात सापडलं. ते आपल्याच गावात, भुईकोट किल्ल्यात लिहिलेलं आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांचं ‘गुबार-ए-खातिर’.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्याच पहाटे नेत्यांना अटक झाली. मौलाना, नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात आणले गेले. काल हजारोंची सभा, आज चार भिंती. धावत्या माणसाला असं एकाएकी थांबवलं तर तो काय करेल?

नेहरूंनी खोरं-कुदळ हाती घेतली. किल्ल्यातली जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली. ते भर उन्हात ती खणत, फुलांचे वाफे करत. पुढे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने चहा करत आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या मित्राला पत्रं लिहीत. ती पत्रं टपालात पडणार नव्हती, तरी लिहीत. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी त्यांचं आधी भांडण झालं, मग दोस्ती. त्यावरही त्यांनी लिहिलं.

पण मला थांबवलं ते ११ एप्रिल १९४३ च्या पत्राने. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारला काही कळवायचं असेल तर कळवतो, असं तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं. मौलानांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. ९ एप्रिलला बेगम गेल्या. त्या दिवसांत मौलानांनी दिनक्रमात तसूभर बदल केला नाही. जेवणाच्या वेळी जेवायला गेले, वर्तमानपत्र आलं तेव्हा ते हाती घेतलं.

इथवर वाचून आपण म्हणतो, केवढा हा धीर! पण मौलाना पुढे प्रांजळपणे सांगतात, की ते सारं वरवरचं होतं. आपल्या धीराला डाग लागू नये म्हणून मनातला अभिमान ते सोंग वठवत होता. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. रोज नजरेला पडणारी ती कबर बेगम गेल्यावर त्यांना एकाएकी जिव्हाळ्याची वाटू लागली.

मित्रहो, मला माझं उत्तर इथे मिळालं. बदल स्वीकारणं म्हणजे बदल झालाच नाही असं दाखवणं नव्हे. चहा, पत्रं, बाग हे प्रयत्न माणसाला सावरतात, ते सोडू नयेत. पण ‘मला काही झालेलं नाही’ हे दाखवण्याची मेहनत सर्वांत थकवणारी असते. ती खाली ठेवली, की खरी विश्रांती सुरू होते. मौलानांनी ती कागदावर उतरवून ठेवली. मला तर समोर घरची माणसं होती, तरी महिना लागला.

माझे अब्बा जामखेड तालुक्यातले शेतकरी. काळ्या रानात ते पावसाळाभर काही पेरत नसत. मी लहानपणी विचारलं होतं, ‘अब्बा, रान असं मोकळं का?’ ते म्हणाले, ‘मोकळं कुठं, पाणी पितंय ते.’ मात्र अब्बा त्या दिवसांत हात बांधून बसत नसत. उघडीप मिळाली की कुळवाची पाळी घालत. तण निघे, पाऊस जमिनीत मुरे. मग हस्ताच्या सुमारास ज्वारी पेरली, की पुढे पाऊस आला नाही तरी त्या धरलेल्या ओलीवर पीक उभं राही. पाऊस किती पडावा हे त्यांच्या हाती नव्हतं. पडेल तो मुरवणं हाती होतं.

आता मी पुन्हा कामावर जातो. संध्याकाळी घरी आलो की तासभर पडून राहतो. कोणी आलं आणि विचारलं, ‘काय, बरं नाही का?’ तर सांगतो, ‘हो, जरा दमलोय. बसा, चहा घेऊ.’ आणि पडल्यापडल्याच गप्पा मारतो.