भिंतीची भाषा

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



अल्लाहने हजरत आदम अलैहिस्सलाम यांना सर्व वस्तूंची नावे शिकवली, असे कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये आले आहे. नावे जाणणे ही इल्मची पहिली पायरी होय. आज मी घराच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागणाऱ्या काही नावांविषयी बोलणार आहे. आपली कितीतरी मुले बांधकामाच्या नोकरीसाठी आखातात जातात. तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे.

सुरुवात आपल्या चिऱ्यापासून करू. जांभ्या दगडाला शास्त्रात 'लॅटराइट' म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन याने मलबारचा दगड पाहून दिले. त्याचे प्रवासवर्णन १८०७ साली छापले गेले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. तिथले लोकही त्याला 'विटेचा दगड' म्हणतात, हे त्याने नोंदवले आहे. म्हणजे पुस्तकातला शब्द आणि खाणीवरचा शब्द एकच गोष्ट सांगतात.

चिरा खाणीत मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो. पण सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि झड पश्चिमेच्या भिंतीवर आदळते. म्हणून गवंडी 'दरजा' भरतो, 'गिलावा' करतो. 'सांधमोड' तर आधीच केलेली असते. कारण सांध्यावर सांधा आला तर भेग सरळ वर चढते.

पूर्वी पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधीत. आता पन्हळी पत्रा लावतात. नियम मात्र तोच : सुरुवात खालून करायची आणि वरचा थर खालच्यावर आणायचा. उलटे केले की पाणी घरात. अमेरिकेत घरांच्या भिंतींवर पट्ट्या ठोकतात, त्यांना 'साइडिंग' म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने रेल्वेचा बाजूचा रूळ आठवेल! तिथेही वरची पट्टी खालचीवर येते. पट्टी प्लॅस्टिकची असेल तर खिळा घट्ट ठोकीत नाहीत. ऊन लागले की ती लांबते. सरकायला जागा नसली तर फुगते.

आता 'क्लॅडिंग' हा शब्द. आखातात आणि मुंबईतही उंच इमारतींवर ते दिसते. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये एक गाभा असतो. गाभा नुसत्या पॉलिथिनचा असेल तर 'पीई', आगीला रोखणारी खनिजे मिसळलेला असेल तर 'एफआर'. बाहेरून दोन्ही पॅनेल सारखीच. फरक दोन अक्षरांचा.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी, रमजानच्या महिन्यात, मध्यरात्रीनंतर आग लागली. भिंतीवर पॉलिथिन गाभ्याची पॅनेल होती. ज्वाला बाहेरून झपाट्याने वर चढल्या. सेहरीसाठी जागे असलेल्या मुसलमान रहिवाशांनी शेजाऱ्यांना उठवले. तरीही ७२ माणसे गेली, आणि त्यांत आपले दीनी भाऊबहीण पुष्कळ होते. त्या चुकीचा भार निर्णय घेणाऱ्या मोठ्यांवर आहे, पॅनेल बसवणाऱ्या मजुरावर नाही. तरी आपल्या मुलाच्या हाती पॅनेल येईल तेव्हा ती दोन अक्षरे त्याला वाचता यावीत आणि त्यांचा अर्थ कळावा, एवढी माझी इच्छा आहे.

विद्यार्थी मित्रहो, एक वही करा. एका रकान्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द लिहा, दुसऱ्यात पुस्तकातला. कामावर न समजलेला शब्द कानी आला तर नुसती मान डोलावू नका, विचारा. विचारण्यात लाज नाही, न विचारता केलेल्या कामात आहे.

आणि पालकांनो, "शिकला नाहीस तर गवंडी होशील" असे मुलाला कधी म्हणू नका. चांगला गवंडी व्हायलाही शिकावेच लागते.

वस्सलाम.