नकाशाचा रंग आणि ग्रामसभा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे एवढेच डोळ्यांपुढे येते. त्याच तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. गरम पाण्याची कुंडे ही या गावाची ओळख. शेजारी वज्रेश्वरी, जेथील देवीचे मंदिर चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर उभे राहिले. थोडे पुढे गणेशपुरी, जेथे स्वामी नित्यानंदांनी १९६१ साली देह ठेवला. या तिन्ही ठिकाणी मुंबईचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. पूर्वी तो कुंडात स्नान करून, देवीला नारळ वाहून संध्याकाळच्या एस.टी.ने परत जात असे. आता तो मुक्कामाला राहू इच्छितो, आणि मुक्कामाला जागा लागते. भाविकाच्या मागोमाग हॉटेलवाला आणि हॉटेलवाल्याच्या मागोमाग जमिनीचा दलाल, हा क्रम महाराष्ट्रातील बहुतेक तीर्थस्थानांच्या परिचयाचा आहे.

अभ्यासवर्गासाठी अकलोलीचे उदाहरण घेण्याचे कारण मात्र निराळे आहे. हे गाव एकाच वेळी दोन नकाशांत आहे. पहिला नकाशा मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेचा. अशी पहिली योजना १९७३ साली मंजूर झाली, दुसरी १९९९ साली आणि तिसरी, २०३६ पर्यंतची, २०२१ साली. दुसरा नकाशा १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा. त्या आदेशाने भिवंडी तालुक्यातील ७२ गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात घातली. अकलोली त्यांत आहे, गणेशपुरी आहे, उसगाव आहे. पहिल्या नकाशाच्या दृष्टीने हे गाव म्हणजे वाढत्या महानगराच्या पदराखालची जागा. दुसऱ्याच्या दृष्टीने ती आदिवासींची भूमी असून तिला राज्यघटनेचे संरक्षण आहे. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याची तसदी सरकारी कचेरीने घेतल्याचे कोठे दिसत नाही. जमिनीचा पट्टा बदलण्याच्या वादाचे मूळ येथे आहे.

पट्टा बदलणे म्हणजे काय, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याखाली होणाऱ्या योजनेत शेतीची जमीन हिरव्या रंगाने, राहण्याची पिवळ्या आणि कारखान्यांची जांभळ्या रंगाने दाखवितात. मंजूर योजनेत फेरबदल करावयाचा तर कलम २० प्रमाणे राज्य शासन राजपत्रात सूचना प्रसिद्ध करते, हरकती मागविते, त्या ऐकण्यासाठी नगररचना खात्याचा अधिकारी नेमते आणि शेवटी आपणच निर्णय देते. या साखळीत ग्रामपंचायतीचे स्थान कोणते? हरकत नोंदविणाऱ्या कोणत्याही सामान्य नागरिकाचे जे स्थान, तेच. मुंबईतील एखादा बांधकाम व्यावसायिक आणि अकलोलीची ग्रामसभा हे दोघे त्या अधिकाऱ्यापुढे एकाच रांगेत उभे राहतात. फरक इतकाच, की व्यावसायिकाला राजपत्र वेळेवर मिळते.

अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ साली संसदेने केलेला पंचायत विस्तार कायदा, ज्याला सर्वजण ‘पेसा’ म्हणतात, येथे तारून नेईल असे पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. त्या कायद्याने जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पंचायतीशी सल्लामसलत आवश्यक केली. आदिवासींच्या जमिनी हातून जाऊ नयेत याची जबाबदारीही गावपातळीवर सोपविली. परंतु पट्टा बदलणे हे संपादन नव्हे. सरकार जमीन घेत नाही, फक्त तिचा रंग बदलते. रंग बदलला की खरेदीदार आपोआप येतो, आणि जे सरकारला संपादनाच्या मार्गाने करताना दहा वेळा विचार करावा लागला असता, ते बाजार एका पावसाळ्यात उरकून टाकतो. कायद्याच्या अक्षराला धक्का न लावता त्याचा हेतू गुंडाळून ठेवण्याची ही रीत आहे.

आता शेतकऱ्याची बाजू पाहिली पाहिजे, कारण चळवळीतील बरीच माणसे येथे घसरतात. ‘हरित पट्टा’ हा शब्द शहरातील माणसाच्या कानाला गोड लागतो. गावातील दोन एकरांच्या भातशेतीवर जगणाऱ्या कुणब्याला किंवा आगऱ्याला तो तसा लागत नाही. त्याचे पीक एकच, पावसाळ्यातले. ज्या तानसा नदीच्या काठी त्याचे शेत आहे, तिच्यावर वरच्या अंगाला १८९२ साली धरण पुरे झाले आणि तेव्हापासून ते पाणी नळांतून मुंबईला जात आहे. पाणी मुंबईने न्यावे आणि शेत मात्र हिरवे ठेवावे, असा हा व्यवहार आहे. मुलीचे लग्न निघाले, घरात आजारपण आले, तर त्याच्याजवळ विकण्यासारखी वस्तू जमीन हीच आणि तिचा भाव हिरव्या रंगाने बांधून ठेवलेला. ‘आमचा पट्टा पिवळा करा’ असे तो ग्रामसभेत म्हणाला, तर त्याला लोभी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाण्याची सोय न करता त्याला शेतकरी राहण्याचा उपदेश करणारा कार्यकर्ता त्या गावात दुसऱ्यांदा भाषण करू शकणार नाही.

शेजारच्या वसईचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. तेथे हरित पट्टा उठविण्याच्या धोरणाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. १९९० साली सिडकोला त्या भागाचे नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले, तरी लोकांनी झुंज सोडली नाही. ते आंदोलन खरे होते. परंतु वसईच्या बागायतदाराच्या विहिरीला पाणी होते. केळी, भाजीपाला आणि फुले रोज सकाळी गाडीने मुंबईच्या बाजारात जात होती. तेथील हिरव्या रंगात कमाई होती, म्हणून बागायतदार त्या रंगासाठी रस्त्यावर आला. अकलोलीच्या कोरडवाहू भातखाचरात आणि वरकस जमिनीत ती कमाई नाही. वसईची घोषणा उचलून अकलोलीत नेली तर ती पोकळ ठरेल.

तर मग पट्टे सरसकट बदलू द्यावेत काय? भिवंडी शहराभोवतीच्या गावांत काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पूर्णा, काल्हेर, कशेळी, माणकोली, वळ या गावांत नगरपालिकेच्या हद्दीबाहेर जकात नव्हती आणि मुंबई तासाभरावर होती. भातखाचरांत भराव पडले, त्यांवर पत्र्याची गोदामे उठली, कित्येकांना परवानगीचा पत्ता नव्हता. गोदामे आधी उभी राहिली आणि नियोजन मागाहून आले: २००७ साली ५१ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. ज्यांनी जमीन स्वतःकडे ठेवून गोदाम बांधले ते भाड्यावर सुखाने जगतात, हे कबूल केले पाहिजे. ज्यांनी अडचणीपोटी आधीच विकली, त्यांची मुले त्याच जागेवर रखवालदाराची किंवा हमालीची कामे शोधतात.

रंग बदलताच जमिनीला जो भाव चढतो, त्यासाठी कोणी घाम गाळलेला नसतो. तो शासनाच्या एका सहीने, आणि लोकांच्या पैशाने झालेल्या रस्त्यांनी निर्माण होतो. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन संपतो. त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच तालुक्यातून जातो. ही वाढ ज्याच्या पदरात पडावी असे गावाला वाटते, त्याच्या पदरात ती पडत नाही. ज्याला नकाशाची आगाऊ बातमी असते, त्याने सूचना निघण्याच्या आधीच जमीन बांधून ठेवलेली असते. नगररचना योजनेच्या बाबतीत १९६६ च्या कायद्यानेच असे मानले आहे, की जमिनीच्या किमतीतील वाढीच्या निम्म्या मर्यादेपर्यंत अंशदान मालकाकडून योजनेच्या खर्चासाठी घेता येते. म्हणजे ही वाढ सर्वस्वी खासगी नाही, हे तत्त्व समाजवाद्यांनी नव्याने शोधून काढण्याची गरज नाही, ते कायद्याच्या पुस्तकात आहे. पट्टा बदलताना त्याचा विसर पडतो, एवढेच.

दरम्यान दुसरीकडे कुंपणे एकेक करून मोडली गेली. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळाला मालक केले आणि ती जमीन सहज विकली जाऊ नये म्हणून जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीची अट घातली. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या ४० पट रक्कम भरून त्या परवानगीतून मोकळे होता येते. कोकणातील भातजमिनीचा आकार किती रुपये असतो, हे सातबारा पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्याच सुमारास, २०१४ आणि २०१७ साली, जमीन महसूल अधिनियमात ४२-अ पासून पुढची कलमे आली. योजनेत जी जमीन बिगरशेती वापरासाठी दाखविली असेल, तिला वेगळी बिनशेती परवानगी नको. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीलाही तीच सवलत. शेतकऱ्याला घर बांधताना तालुक्याला घालाव्या लागणाऱ्या खेपा यामुळे कमी झाल्या, हे चांगलेच झाले. परंतु पूर्वी बिनशेतीच्या चौकशीच्या निमित्ताने निदान तलाठी जागेवर येत असे आणि त्या जमिनीवर कोण राहतो, कोण कसतो हे कागदावर येण्याची शक्यता असे. आता सारा निर्णय नकाशातच होतो, आणि नकाशाला झोपडी दिसत नाही.

झोपडी कोणाची? कातकऱ्याची. या पट्ट्यात वारली आहेत, मल्हार कोळी आहेत, परंतु सर्वांत असुरक्षित कातकरी. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. पावसाळ्यात शेतमजुरी आणि उरलेले आठ महिने वीटभट्टीवर, भट्टीवाल्याच्या बयाण्यात अडकून, असे त्यांचे वर्ष जाते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा; तो या भागातील वाड्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला झगडावे लागले. आदिवासीच्या नावावर जमीन असेल तर १९७४ पासून कलम ३६-अ चे संरक्षण आहे, जरी कुलमुखत्यारपत्राने आणि दुसऱ्या आदिवासीच्या नावाने त्याला वळसा घालणारे कमी नाहीत. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला हे कलम काय देणार? मालकाने जमीन विकली आणि नव्या मालकाला तेथे विश्रामगृह बांधावयाचे असले, की वाडी उठते. शेतमजुराच्या घराखालच्या जागेला कूळ कायद्यात संरक्षण आहे. ते मागणारा माणूस मात्र वाडीजवळ नसतो.

म्हणून पट्टा बदलण्याचा प्रश्न जमीनमालकांपुरता राहू शकत नाही, तो ग्रामसभेचाच विषय झाला पाहिजे. ग्रामसभेत मालकाला जितके मत आहे तितकेच वाडीतील कातकरी बाईला आहे. हरकतीच्या अर्जात तसे नाही. लोकांना विचारून असे निर्णय होत नसतात, हे अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर. त्यांना रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याची आठवण करून द्यावी. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावयाची की नाही, यावर तेथील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनानेच शेतकऱ्यांचे मत घेतले. एन. डी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढून ते घेण्यास भाग पाडले. त्या मतदानाचा निकाल शासनाने कधी जाहीर केला नाही, ही गोष्ट निराळी; पेट्या ठेवता येतात एवढे तर सिद्ध झाले. अर्थात तेथेही मत सातबाराधारकांचेच होते. अकलोलीसारख्या अनुसूचित गावात ते संपूर्ण ग्रामसभेचे असावे, आणि तिच्या ठरावाशिवाय कलम २० खालील फेरबदल होऊ नये, ही मागणी पक्षाने राज्यपातळीवर लावून धरली पाहिजे. पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना अशा क्षेत्रात कोणताही कायदा फेरफारांसह लागू करण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी नव्या घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

ही मागणी मान्य होईपर्यंत गावात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. प्रादेशिक योजनेचा नकाशा आणि गावाचा गटवार नकाशा शेजारी लावून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगावा. कोणत्या गटाचा रंग बदलण्याचा प्रस्ताव आहे आणि त्या गटात गेल्या पाच-सात वर्षांत किती फेरफार नोंदले गेले, हे तलाठ्याकडून काढून ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. त्या यादीतील नावे ऐकली की गावाला निम्मे समजते. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या मुलासाठी घर बांधावयाचे आहे, त्याचा अर्ज व्यापाऱ्याच्या अर्जापासून वेगळा काढावा आणि गावठाणवाढीच्या मार्गाने तो पुढे न्यावा. तानसेच्या पाण्यात गावाचा वाटा मागणारा ठराव त्याच सभेत यावा, म्हणजे हिरव्या रंगाची बाजू घेणाऱ्याला तोंड वर करून बोलता येईल. आणि प्रत्येक वाडीतील घरांची यादी, किती वर्षांची वस्ती, कोणाच्या गटात, शिधापत्रिका आणि मतदारयादीतील नोंदींसह तयार करून तहसीलदाराकडे द्यावी व पोच घ्यावी. दिवाळीनंतर वाड्यांतील माणसे भट्ट्यांवर निघून जातात, घरांना कुलूपही नसते. तेव्हा या याद्यांचे काम भात कापणीला येण्याच्या आत पुरे करावे लागेल.