दूरच्या सभेतील चित्रे

निरनिराळ्या नगरांत बसलेली माणसे संगणकाने रचलेल्या एकाच कल्पित दालनात वावरतात आणि परस्परांचे हलते मुख पाहत संभाषण करतात, यात आता नवल उरलेले नाही. परंतु अशा दालनात दहाजण जमले आणि प्रत्येकाने आपले चित्र इतर नऊजणांकडे स्वतंत्रपणे रवाना केले, तर एकाच वेळी ९० चित्रप्रवाह जाळ्यावर येतात, आणि ज्याच्या वाट्याला सर्वांत अरुंद वाहिनी आली असेल, तो सभेतून प्रथम गळतो.

यावर स्टीव्ह डिअरिंग यांनी सुचविलेली आणि १९८९ साली इंटरनेटच्या नियमांत दाखल झालेली तजवीज अशी, की प्रेषकाने प्रत एकच सोडावी आणि वाटा जेथे फुटतात तेथील राउटरने तिच्या लागतील तेवढ्याच नकला कराव्यात. हीच मल्टिकास्ट पद्धत. पण प्रत सर्वांना एकच मिळायची, तर ती कोणाच्या ऐपतीची असावी? मॅकॅन, जेकबसन आणि व्हेटर्ली यांनी १९९६ मध्ये दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. त्यांनी चित्राचे थर पाडले: तळाचा थर अस्फुट, परंतु आपल्यापुरता पूर्ण, वरचा प्रत्येक थर रेखीवपणा वाढविणारा. घेणाऱ्याचा संगणक एकेक थर मागवून पाहतो, माहितीची पाकिटे गहाळ होऊ लागताच वरचा थर सोडून देतो, आणि त्याचा प्रयोग फसल्याचे ध्यानात घेऊन शेजारचे संगणक तोच प्रयोग करण्याचे टाळतात. प्रेषकाला यातील कशाचीही दखल घ्यावी लागत नाही.

कल्पित दालनात या काटकसरीस आणखी एक आधार मिळतो, तो अंतराचा. क्योटो विद्यापीठाच्या ‘फ्रीवॉक’ नावाच्या अशाच दालनात प्रत्येक माणूस पिरॅमिडसारख्या आकृतीच्या रूपाने फिरे, तिच्या एका अंगावर त्याचे जिवंत चित्र असे, आणि तो दूर गेला की चित्र लहान व आवाज क्षीण होई. लहान दिसणाऱ्या चित्राला मोठ्या चित्राइतका खर्च कशासाठी? आणि जो पाठीमागे उभा आहे, त्याचे चित्र मागविण्याचे तर प्रयोजनच नाही.

सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्टला सर्रास मुभा मिळाली नाही, म्हणून आज मधला सर्व्हर नकला वाटतो. ती व्यवस्था मला मान्य आहे. मात्र कोणते चित्र किती स्पष्ट असावे, याचा अखत्यार पाहणाऱ्याकडेच राहिला पाहिजे, कारण खेड्यातील विद्यार्थ्याला गुरुजींचा चेहरा अंधुक दिसला तरी चालेल, फळ्यावरचे समीकरण मात्र स्वच्छ वाचता आले पाहिजे, आणि त्याची ही गरज सर्व्हरला परस्पर कळणारी नाही.